परत केलं म्हणजे फिटलं?

मोबाइल, मिक्सर, स्कूटर असल्या वस्तूंची परीक्षणं मराठीत करणारे व्हिडिओ जे बघतात त्यांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं : “मित्रांनो, कंपनीने पैसे दिलेले नाहीत. वस्तू फक्त वापरून बघायला आली होती, आता परत जाणार.” बोलणारा ते थोड्या अभिमानानेच बोलतो आणि ऐकणारा मान डोलावतो. पैसे घेतले नाहीत, वस्तू घरात ठेवून घेतली नाही, म्हणजे गडी सरळ. शिवाय हा निदान सांगतो तरी. बरेच जण तेवढंही सांगत नाहीत.

या वाक्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘परत केलं, विषय संपला’ या समजुतीशी. उसनी वस्तू भेटीपेक्षा स्वच्छ, हे अर्धंच खरं आहे. भेट एकदा दिली की देणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. घेणारा उद्या उलटला तरी दिलेला फोन कुणी त्याच्या खिशातून काढून नेत नाही. उसनवारीत मात्र पुढची खेप असते. आजचा फोन परत गेला. दिवाळीआधी त्याच कंपनीचा नवा येईल का, आणि आलाच तर बाजारात उतरण्याआधी येईल की सगळ्यांचं बोलून झाल्यावर, हे आज आपण काय बोलतो त्यावर थोडंफार ठरतं. असं कुणी लिहून देत नाही. लिहून द्यायची गरजही नसते.

या धंद्यात ‘आधी’ला फार किंमत आहे. कंपनी परीक्षकाला वस्तू पाठवते तेव्हा अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी अट असते. तिला सगळे एम्बार्गो म्हणतात. ती वेळ झाली की एकाच मिनिटाला डझनावारी व्हिडिओ येऊन पडतात. ज्याच्याकडे वस्तू आली नाही, त्याने ती दुकानातून आणून, वापरून, चित्रित करून टाकेपर्यंत लोकांचं बघून झालेलं असतं आणि बहुतेकांचं विकत घेऊनही. यादीतून नाव गळणं हा परीक्षकाला दंडच आहे. पावती फाडली जात नाही इतकंच.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. डिसेंबर २०२०मध्ये ‘हार्डवेअर अनबॉक्स्ड’ या ऑस्ट्रेलियातल्या परीक्षकांना एनव्हिडिया कंपनीने कळवलं की यापुढे आमची ग्राफिक्स कार्डं (संगणकावरच्या खेळांची चित्रं उमटवणारे भाग) परीक्षणासाठी तुमच्याकडे येणार नाहीत. कारणही सांगितलं. कंपनीला ज्या तंत्राचा डंका पिटायचा होता त्या रे-ट्रेसिंगवर, म्हणजे खेळांतला उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्यावर, हे लोक पुरेसा भर देत नव्हते, त्यांचं लक्ष ते तंत्र न वापरता खेळ किती वेगाने चालतो यावर होतं. तुमची दिशा बदलली तर पुन्हा विचार करू, असंही सुचवलं. हे पत्र बाहेर आल्यावर एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच कंपनीने माफी मागून निर्णय फिरवला. पण विचार करा : ते पत्र इतकं उघड शब्दांत लिहिलं गेलं नसतं तर? कार्डं येणं नुसतं बंद झालं असतं. ‘स्टॉक नाही’ असं उत्तर मिळालं असतं. परीक्षकाने काय समजायचं ते समजून घेतलं असतं आणि प्रेक्षकाला काहीच कळलं नसतं.

ऑगस्ट २०२४मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनच्या बाबतीत असंच एक कलम उजेडात आलं. ‘टीम पिक्सेल’ या योजनेत ज्यांना फोन मिळत होते त्यांनी इतर कंपन्यांच्या फोनऐवजी पिक्सेल दाखवावा, दुसऱ्या ब्रँडला झुकतं माप दिल्याचं दिसलं तर संबंध थांबवावे लागतील, असा त्याचा आशय होता. पत्रकारांना दिल्या जाणाऱ्या परीक्षणाच्या फोनांशी या योजनेचा संबंध नाही, असा खुलासा गूगलने केला, कलमाची भाषा चुकली हेही कबूल केलं आणि ते काढून टाकलं. ठीक. तरी बारकाईने पाहिलं तर त्या कलमातली खरी धमकी दिलेल्या फोनची नव्हती. ती संबंध थांबण्याची होती. भेटसुद्धा पुढच्या भेटीच्या आशेला बांधली की तिची उसनवारी होते.

आता वस्तू निवडतं कोण, हा दुसरा मुद्दा. तुम्ही-आम्ही म्हापशाच्या दुकानात जातो तेव्हा गोदामातून हाताला येईल तो खोका पोऱ्या काढून देतो. परीक्षकाकडे जातो तो खोका कुणीतरी पाठवलेला असतो. २०१६ साली एमएसआय आणि आसुस या दोन कंपन्यांनी परीक्षकांना दिलेली ग्राफिक्स कार्डं दुकानातल्या कार्डांपेक्षा मुळातच थोडी जास्त वेगावर लावून पाठवल्याचं ‘टेकपॉवरअप’ या परीक्षण करणाऱ्यांनीच उघडकीला आणलं. फरक फार मोठा नव्हता. जो वेग ग्राहकाला एक सॉफ्टवेअर टाकून स्वतः निवडावा लागे, तो परीक्षकाच्या कार्डात आधीच निवडून ठेवलेला होता. पण परीक्षणांत कार्डाकार्डांत जो फरक निघतो तोही एवढाच असतो, त्यामुळे आलेख आपल्या बाजूने झुकवायला तेवढं पुरतं. यात परीक्षक खोटं बोलला नाही. त्याने मोजलं तेच सांगितलं. त्याच्या हातात आलेली वस्तू मात्र आपल्या हातात येणारी नव्हती.

आणि तिसरा मुद्दा दिवसांचा. मला यावर जरा थांबायचं आहे, कारण गोव्यात राहणाऱ्याला तो सगळ्यात जास्त नडतो.

उसनी वस्तू आठ-पंधरा दिवसांसाठी येते. तेवढ्यात पडदा, कॅमेरा, आवाज, दिसणं यांची परीक्षा होते. टिकण्याची होत नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६मध्ये आला तेव्हा परीक्षकांनी त्याचं भरभरून कौतुक केलं होतं आणि जे केलं ते खोटं नव्हतं. २ सप्टेंबरला बॅटऱ्या पेट घेतात म्हणून कंपनीला विक्री थांबवून फोन परत मागवावे लागले, ऑक्टोबरमध्ये तो फोनच बंद झाला. आठवडाभराच्या परीक्षणात हे दिसायला काही मार्ग नव्हता.

ते झालं जगाचं. आपल्या स्वयंपाकघरात या. मिक्सरचं परीक्षण बघा : एक हिरवी चटणी, एक सुका मसाला, एक फळांचा रस, आणि शेवटी चार तारे. गोव्याच्या घरात मिक्सरचा जन्म खोबऱ्याचं वाटण वाटण्यात जातो. आदोळीवर खवलेलं खोबरं, भिजवलेल्या मिरच्या, धणे, चिंच, आणि ते गंधासारखं बारीक व्हायला हवं, नाहीतर हुमण, म्हणजे माशाची आमटी, चोथट लागतं. रोज एकदा तरी. चवथीच्या दिवसांत चार-चार वेळा. पहिल्या महिन्यात मिक्सर गुणी बाळासारखा वागतो. मग वाटण घट्ट असलं की मोटर गरम होऊन मध्येच थांबते, मिक्सर उलटा करून बुडाचं लाल बटण दाबायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू. आणखी काही महिन्यांनी जार उचलला की खाली ओट्यावर काळपट तेलकट पाणी पाझरलेलं दिसतं, म्हणजे जारचं बुश गेलं. त्यानंतर कधीतरी कपलरचे दात झिजतात आणि मोटर फिरते पण पातं फिरत नाही. हा सगळा मिक्सरचा खरा इतिहास आहे, आणि तो पंधरा दिवसांत लिहिता येत नाही. तो दुरुस्ती करणाऱ्याला तोंडपाठ असतो. त्याला कुणी परीक्षणासाठी वस्तू पाठवत नाही.

हीच गत हवेची. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उत्तरेतल्या कुठल्यातरी फ्लॅटमध्ये आठ दिवस चालवलेला एसी मिरामारच्या किंवा कोलव्याच्या खाऱ्या वाऱ्यात बाहेरच्या युनिटच्या पत्र्याचं काय करून घेतो, याबद्दल तो व्हिडिओ काय सांगणार? जुलैमध्ये कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते तशीच ती कॅमेऱ्याच्या लेन्सलाही आतून धरते. इथल्या छायाचित्रकारांच्या घरी हवाबंद डबे आणि सिलिका जेलच्या पुड्या असतात त्या हौस म्हणून नव्हेत. परीक्षकाने ‘मी ही वस्तू डिसेंबरात दहा दिवस वापरली’ एवढं म्हटलं तरी गोव्यातला ग्राहक उरलेला हिशेब स्वतः करील. तो खुळा नाही. त्याला आकडा द्या.

मोटारींच्या बाबतीत तर गोवा नुसता ग्राहक नाही, रंगमंच आहे. नवीन गाडी आली की पत्रकारांना आणि व्हिडिओवाल्यांना बोलावून एखाद-दुसरा दिवस ती चालवायला द्यायची, यासाठी गोवा हे कंपन्यांचं जुनं लाडकं ठिकाण. विमानाचं तिकीट कंपनीचं, समुद्रकाठचं हॉटेल कंपनीचं, टायरांतली हवा बघून ठेवलेल्या गाड्या रांगेत उभ्या, शंका विचारायला इंजिनिअर हजर. मोसम अर्थात पावसाळा संपल्यानंतरचा. मग जुवारीच्या नव्या पुलावरून किंवा पणजीच्या अटल सेतूवरून गाडी सुसाट जाते, ड्रोन वरून टिपतो, आणि परीक्षक सांगतो की सस्पेन्शन झकास आहे. चांगल्या रस्त्यावर असतंच. ती गाडी चोडणच्या फेरीबोटीत चढवताना ओहोटीच्या वेळी रॅम्पवर पोट घासते का, गावातल्या दोन चिऱ्यांच्या गडग्यांमधून समोरून कदंबची बस आली तर मागे घ्यायला किती कष्ट पडतात, हे तिथे राहणाऱ्याचे प्रश्न. पाहुण्याला ते पडत नाहीत. आणि तिकीट-हॉटेलचा उल्लेख व्हिडिओत बहुधा नसतोच. फार तर खाली बारीक अक्षरात ‘निमंत्रणावरून’ असं काहीतरी.

मला वाटतं, सांगण्याची पद्धत कशी असावी याचा नमुना आपल्या रस्त्यांवरच फिरतो आहे. रेंट-अ-बाइकची काळी पाटी आणि तिच्यावरची पिवळी अक्षरं. ती पाटी लांबून दिसते, सगळ्यांची सारखी असते, लावायची की नाही हे चालवणाऱ्याच्या मनावर नसतं, आणि चालवणारा चांगला की वाईट याबद्दल ती एक अक्षरही बोलत नाही. ती एवढंच सांगते की वाहन याचं नाही, भाड्याचं आहे. रस्ता याच्या सवयीचा नसेल, तुम्ही आपलं अंतर ठेवा. त्या पाटीने कुणाचा अपमान होत नाही. उलट पांढऱ्या पाटीची खासगी वाहनं गुपचूप भाड्याने देणाऱ्यांविरुद्ध ओरड असते ती परवाने काढून धंदा करणाऱ्यांचीच. न सांगणाऱ्यामुळे पहिलं नुकसान होतं ते सांगणाऱ्याचं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन करणारी ‘आस्की’ ही परिषद आहे. तिने मे २०२१मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सरांसाठी) नियम आणले, ते १४ जूनपासून लागू झाले. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत खुलासा निदान तीन सेकंद दिसला पाहिजे, त्याहून लांब पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, इतक्या बारकाईने. मत पूर्णपणे निःपक्षपाती असलं तरी, वस्तू न मागता आली असली तरीही सांगायचंच, हे त्यात स्पष्ट आहे. सरकारच्या बाजूने २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै २०२०मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं, जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि जानेवारी २०२३मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने प्रभावकांसाठी साध्या भाषेतली पुस्तिकाच काढली. खुलासा हॅशटॅगांच्या गर्दीत लपवू नका, व्हिडिओत तो दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे, ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत करा, हे सगळं त्यात आहे. दिशाभूल सिद्ध झाली तर दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, वर एक ते तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी. कागदावर याहून जास्त काय हवं?

हवं ते असं. या नियमांत पैसे, फुकट वस्तू, सवलती, सहली, हॉटेलातला मुक्काम अशी लांबलचक यादी आहे. ठरावीक दिवसांपुरती देऊन परत नेलेली वस्तू त्या यादीत वेगळी नोंदलेली नाही. ताणून अर्थ लावला तर ती बसते, पण ज्याला बसवायची नाही तो ‘मला काही मिळालंच नाही’ म्हणून मोकळा होतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आपल्या प्रश्नोत्तरांत नेमक्या याच गोष्टीला हात घातला आहे : वस्तू कोणती आणि किती दिवस दिली यावर ते अवलंबून आहे, पण मोटार महिनाभर फुकट फिरवायला मिळाली असेल तर ती परत करायची असली तरी सांगावं, किरकोळ वस्तूंबाबतही सांगितलेलं बरं. दोन वाक्यांचं काम आहे. आपल्या पुस्तिकेत ती दोन वाक्यं घालायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

दुसरी उणीव जरा खोल आहे. आपले मान्य शब्द म्हणजे जाहिरात, प्रायोजित, सहयोग, पेड प्रमोशन. आता समजा एकाने कंपनीने लिहून दिलेला मजकूर दोन लाख रुपये घेऊन वाचला आणि दुसऱ्याने पंधरा दिवसांसाठी आलेला फोन वापरून त्याच्या बॅटरीची सालटी काढली. दोघांच्या कपाळावर एकच शिक्का. दुसऱ्याने तो का लावून घ्यावा? खरं बोलणाऱ्याला खोट्याच्या रांगेत उभं करणारा शिक्का असेल तर खरं बोलणारेच तो टाळतील. आणि ‘सहयोग’ या शब्दात तर काहीही मावतं.

खुलासा केला की काम झालं असं मानणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. केन, लोवेनस्टाइन आणि मूर या अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाण्यांनी भरलेल्या बरणीत किती पैसे आहेत याचा अंदाज काहींनी करायचा, आणि बरणी जवळून बघितलेल्या सल्लागारांनी त्यांना सल्ला द्यायचा. काही सल्लागारांना अशी बोली होती की समोरच्याचा अंदाज जितका फुगेल तितका तुमचा फायदा. हा स्वार्थ समोरच्याला आधी सांगितला तेव्हा काय झालं? सल्लागारांनी आणखी फुगवून सांगितलं. जणू सांगून टाकलं म्हणजे आता मोकळीक मिळाली. ऐकणाऱ्यांनी सल्ल्यातून काही वजा केलं, पण पुरेसं नाही. शेवटी न सांगितलेल्यांपेक्षा त्यांचंच जास्त नुकसान झालं. “मी आधीच सांगितलंय, हा कंपनीचा फोन आहे” असं म्हणून पुढची दहा मिनिटं स्तुतिस्तोत्र म्हणणारा परीक्षक तुम्हीही पाहिला असेल.

म्हणून एका शब्दाचा शिक्का मला पुरेसा वाटत नाही. अटी सांगायला हव्यात. यात नवं काही नाही. मराठी नियतकालिकांनी हे काम पूर्वीच करून ठेवलं होतं. प्रकाशक अभिप्रायासाठी दोन प्रती पाठवत आणि मासिक ‘साभार पोच’ म्हणून आलेल्या पुस्तकांची यादी छापत असे. काही ठिकाणी अजून छापतात. ही यादी परीक्षणाहून वेगळी असे. पुस्तक आलं हे वाचकाला कळे, त्यावर लिहायचं की नाही हे संपादक ठरवत असे, आणि पोच छापली म्हणजे कौतुक कबूल केलं असा अर्थ कुणी घेत नसे. (परीक्षक आणि लेखक एकाच कट्ट्यावर चहा पितात ही माहिती मात्र कुठल्याही पोचेत कधी आली नाही. ते असो.) व्हिडिओवाल्यांनी आपापल्या पानावर अशी यादी का ठेवू नये? कुठल्या कंपनीकडून काय आलं, कधी आलं, कधी परत गेलं, त्यातल्या कशावर बोललो आणि कशावर नाही. वर्षभराची यादी समोर असली की एखाद्या घराण्याकडून नेमाने खेपा येतात आणि त्या घराण्याला कधीच नावं ठेवली जात नाहीत, हे दहावीतलं पोरही शोधून काढील.

आणि प्रत्येक व्हिडिओच्या तोंडाशीच, बोलून, मराठीत : “हा मिक्सर कंपनीने वीस दिवसांसाठी पाठवला होता. कुठला खोका यायचा ते त्यांनी ठरवलं. व्हिडिओ त्यांना आधी दाखवलेला नाही. खालच्या लिंकवरून घेतलात तर मला कमिशन मिळतं. वीस दिवसांत टिकाऊपणाचं काही सांगता येत नाही.” वीस सेकंदही लागत नाहीत. बोलूनच का, तर हे व्हिडिओ आता मुळात जिथे टाकले तिथे कमीच बघितले जातात. कुणीतरी तुकडा कापून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, तिथून तो पेडण्यातल्या मावशीला आणि काणकोणातल्या काकांना जातो. खालचं वर्णन, कोपऱ्यातली इंग्रजी पट्टी, हॅशटॅग हे सगळं वाटेत गळतं. तोंडाने सांगितलेलं निदान पहिल्या तुकड्यात तरी राहतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. मराठीत परीक्षण करणाऱ्याचा प्रेक्षक मर्यादित, उत्पन्न त्याहून मर्यादित. ऐंशी हजारांचा फोन दर महिन्याला विकत घेऊन तो खाणार काय? अमेरिकेत १९३६पासून ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था वस्तू दुकानातून, आपली ओळख न देता, विकत घेऊन तपासते आणि जाहिराती घेत नाही. ते तिला परवडतं कारण वर्गणीदार पैसे भरतात. आपण मराठी माणसं परीक्षणासाठी वर्गणी भरू, अशी आशा मी तरी धरत नाही. तेव्हा उसनवारी राहणारच, आणि राहू दे. उसनवारी बंद केली तर मैदानात फक्त पैसे घेऊन बोलणारे उरतील. स्वतःच्या पैशाने घेतलेला परीक्षकही देव नव्हे; घाम गाळून घेतलेल्या वस्तूला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही, शिवाय लिंकचं कमिशन असेल तर काहीतरी विकलं जाण्यातच त्याचं हित. माझं मागणं एवढंच आहे की कोणतीही दोरी असो, ती दिसू दे.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांवरच उलटतो. एखाद्याने सरळ सांगितलं की वस्तू कंपनीने दिली होती, तर खाली पहिली प्रतिक्रिया येते : “विकला गेलास का भाऊ?” आणि ज्याने काहीच सांगितलं नाही त्याच्या खाली “एक नंबर, दादा, खरं बोललास!” सांगणाऱ्याला शिव्या आणि लपवणाऱ्याला शाबासकी, असा बाजार आपणच मांडला असेल तर परीक्षकांनी कुणाचं ऐकून सुधारायचं? न सांगणाऱ्याला एकदा साधा प्रश्न विचारून बघावा, ‘वस्तू तुमची आहे का?’ उत्तर आलं तर उत्तम. प्रतिक्रियाच पुसली गेली तर तेही उत्तरच.

गोव्यात हे सगळं फोन-मिक्सरपाशी थांबत नाही, कारण आपण स्वतःच सगळ्यात जास्त परीक्षण होणारी वस्तू आहोत. हॉटेलची खोली, शॅकमधलं ताट, होडीतली फेरी; दोन रात्री फुकट, मग एक मिनिटाची रील. ही तर उसनवारीची शुद्ध जात. खोली परतच करायची असते, पण पुढच्या मोसमाचं आमंत्रण हवं असतं. नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यातलं परदेशी पर्यटन घसरल्याची आकडेवारी देणारी एक पोस्ट गाजली तेव्हा पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार केली. वाईट बोलणाऱ्याच्या आकड्यांचा उगम विचारायचा हक्क खात्याला आहेच. मग चांगलं बोलणाऱ्याच्या खोलीचं भाडं कुणी भरलं, हेही खात्यानेच विचारायला हवं. तिथे मात्र सगळं कसं शांत.

हॉटेलवाल्यांना सक्ती करता येईल की नाही हा वादाचा विषय होईल. सरकारी खर्चाने किंवा सरकारच्या मदतीने असे पाहुणे येतात तेव्हा वादाला जागाच नाही. ‘माझा मुक्काम गोवा पर्यटनाच्या खर्चाने’ हे वाक्य व्हिडिओच्या सुरुवातीला, व्हिडिओच्याच भाषेत, तोंडाने म्हटलं पाहिजे, आणि कोणाला कधी बोलावलं, किती खर्च आला याची यादी खात्याने आपल्या संकेतस्थळावर ठेवली पाहिजे, एवढी अट निमंत्रणपत्रात घालायला विधानसभेत विधेयक आणावं लागत नाही. एक परिपत्रक पुरतं, आणि नवा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो.